कोलांटी राहू द्या, समोर बघा

नमस्कार ताई,
मी ४१ वर्षांची, ठाण्यात राहते, नोकरी खुर्चीवरची. माझा चौदा वर्षांचा मुलगा वर्षभर कॅपोइराच्या, त्या ब्राझीलच्या खेळाच्या, क्लासला जातोय. त्याला सोडायला जाते आणि तिथेच बाकावर बसून बघत राहते. आता त्याचे सर म्हणतात, 'बसून काय राहता, उतरा की!' शाळेत मी खो-खो खेळायचे, पण त्याला जमाना लोटला. वजन वाढलंय, कोलांटी तर जन्मात मारलेली नाही. आधी सहा महिने जिम लावू का? मुळात हा नाच आहे की मारामारी? रात्री स्टेशनवरून एकटी येताना उपयोग होईल का? ती पोर्तुगीज गाणी म्हणायलाच लागतात का? माझा आवाज बेसूर आहे. आणखी एक. क्लासचा 'बातिझादो' नावाचा कार्यक्रम येतोय. त्याचा अर्थ बाप्तिस्मा, हे सासूबाईंना नातवाकडूनच कळलं आणि घरात धुसफूस सुरू झाली. काय करू?
— एक वाचक, ठाणे

प्रिय वाचक,

उतरा. जिमसाठी थांबू नका. 'आधी जरा फिट होते, मग येते' म्हणणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक नंतर आलीच नाहीत. शिवाय जिममध्ये जे कमावाल त्यातलं थोडंच इथे कामी येईल. कापुएराला (मुलाच्या तोंडी हाच उच्चार ऐकत असाल, म्हणून मीही तोच लिहिते) लागतात मोकळे खुबे, वजन पेलणारी मनगटं आणि उकिडवं बसायची सवय. खुर्चीच्या नोकरीत हे तिन्ही जातं. वर्ग सुरू व्हायच्या आधी पंधरा-वीस दिवस घरी एवढंच करा: टाचा टेकवून रोज थोडा वेळ उकिडव्या बसा, दोन्ही तळहात जमिनीवर ठेवून हळूहळू त्यांच्यावर भार द्या, आणि मनगटं सगळ्या बाजूंनी फिरवा. खो-खोत बसून-उठून पक्की झालेली मांडी कुठे जात नाही, जरा गंजते इतकंच.

बाकावरून तुम्हाला कोलांट्या आणि गरगर फिरणाऱ्या लाथा दिसल्या असणार. मोबाइलवरच्या व्हिडिओतही तेच असतं, त्यामुळे नवीन येणारा प्रत्येक जण कोलांटीची धास्ती घेऊन येतो. वर्गात मात्र पहिले कित्येक आठवडे जातात जिंगामध्ये. जिंगा म्हणजे या खेळाचं सतत चालू असणारं मूळ पाऊल. उजवा पाय तिरका मागे जातो, चवड्यावर टेकतो, परत शेजारी येतो, मग डावा मागे जातो. उजवा पाय मागे असताना उजवा हात कोपरात वाकून चेहऱ्यासमोर यायला हवा. वाचताना सोपं वाटतं. करताना हाताकडे लक्ष दिलं की पाय अडखळतो, पाय जमला की हात लोंबकळतात, आणि दोन्ही जमले की गुडघे ताठ होऊन माणूस नुसता उभ्याउभ्या डोलायला लागतो. कंबर खाली, गुडघे वाकलेले, तोंड झाकलेलं आणि नजर समोर, हे सगळं एकाच वेळी व्हायला बरेच महिने जातात. त्यात लाज वाटायचं काही नाही.

या सगळ्यात नजर सर्वांत अवघड, आणि माझ्या मते नवशिक्याने पहिल्या दिवसापासून धरायची गोष्ट तीच. माणूस शिकताना स्वतःच्या पायांकडे बघतो, नाही तर आरशाकडे. कापुएरा दोघांनी खेळायचा असतो आणि समोरचा काय करतोय त्याच्या उत्तरादाखल तुमची हालचाल व्हायची असते. लाथ आली तर ती हाताने अडवत बसत नाहीत. लाथ ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने खाली झुकून तिला वरून जाऊ देतात. त्याला एस्किवा म्हणतात. आता ही दिशा कळायची कशी? समोरच्याच्या खांद्याकडे आणि कमरेकडे बघून. फिरकीची लाथ निघायच्या आधी खांदा वळतो. ज्याला हे दिसायला लागलं तो लवचीक नसला तरी खेळतो. ज्याला दिसत नाही तो कितीही उलट्या उड्या मारो, लाथ खातोच.

कोलांटीलाही, म्हणजे तिथल्या 'आऊ'लाही, हाच नियम. हात जमिनीवर, पाय वर, आणि डोळे जमिनीकडे न जाता दोन हातांमधून समोरच्यावर. म्हणून नवख्यांना ती आधी अगदी छोटी शिकवतात. गुडघे पोटाशी, पाय कमरेच्याही वर जात नाहीत, बेडूकउडी बाजूला मारल्यासारखी दिसते. तेवढी आली तरी खेळात पुरते. तुमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात पाय सरळ वर न्यायचा आग्रह धरला, तर स्वच्छ 'नाही' म्हणा.

समोरच्याकडे बघत शिकायचा हा नियम माझ्या पदरचा नाही. आज जगभर जो कापुएरा वर्गांत शिकवला जातो त्याची घडी बसवली मेस्त्रे (म्हणजे उस्ताद) बिंबा यांनी, ब्राझीलच्या बाइया राज्यातल्या साल्वादोर शहरात. १९३२ साली त्यांनी स्वतःची शाळा काढली. नव्या शिष्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ते त्याला जिंगा शिकवायचे. पुढे नवशिक्यांसाठी त्यांनी लाथा, बचाव आणि प्रतिहल्ल्यांचे आठ क्रम बसवले, तेही सगळे जोडीने करायचे. एकट्याने आरशासमोर घोटायची तालीम त्यांच्या पद्धतीत मुख्य नव्हतीच.

नाच की मारामारी, या प्रश्नाचं उत्तर इतिहासात थोडं सापडतं. आफ्रिकेतून पकडून ब्राझीलला नेलेल्या गुलामांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात जातो. त्यात अंगोला आणि काँगोच्या बाजूची माणसं फार मोठ्या संख्येने होती. त्यांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या हातून हा प्रकार घडला. मालकांना फसवायला त्यांनी लढाईला नाचाचं सोंग दिलं, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक वर्गात ऐकायला मिळेल. गोष्ट झकास आहे, पण तिला कागदोपत्री आधार तुटपुंजा आहे. कागदावर पक्कं आहे ते हे: १८८८ साली ब्राझीलमध्ये गुलामी कायद्याने संपली आणि दोनच वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेत, रस्त्यावर कापुएरा करणं गुन्हा ठरलं. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. नुसत्या नाचासाठी कोणी एवढा कायदा करत नाही. बिंबांनी आपल्या पद्धतीच्या नावात कापुएरा हा शब्दच घातला नाही, तिला 'बाइयाची प्रादेशिक झुंज' म्हटलं, आणि १९३७ साली त्यांच्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली. त्याच साल्वादोरमध्ये मेस्त्रे पास्तिन्यांनी १९४१ साली जुन्या धाटणीचा, अंगोला म्हणवला जाणारा कापुएरा सांभाळायला वेगळी संस्था उभी केली. ज्या खेळापायी माणसं तुरुंगात गेली, त्याच्या रिंगणाला, म्हणजे ज्या गोलात दोघं खेळतात त्याला, २०१४ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तोवर बिंबा (१९७४) आणि पास्तिन्या (१९८१) दोघंही हलाखीत गेले होते. पास्तिन्यांची तर शेवटी दृष्टीही गेली होती.

तर हा झुंजीचा खेळ आहे, वाद्यांच्या तालावर चालणारा. आत उतरलेल्यांना विचारा, ते 'खेळलो' म्हणतात. लाथ खरी असते, लागू शकते, पण बहुतेक वेळा ती लागेल अशी दाखवून थांबवण्यातच कसब मानतात.

आता स्टेशनचा प्रश्न. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. दोन-तीन वर्षं नेमाने खेळलात तर तोल सुधारेल, पडलात तरी नीट पडाल, अंगावर येणारा माणूस लवकर दिसेल. पण खांद्याला पर्स, पायात चप्पल, फलाट ओला, आणि तुम्ही मेया लुआ दे कोंपासो, म्हणजे हात जमिनीला टेकून टाचेने मारायची ती फिरकी, मारताय, हे चित्र डोक्यातून काढून टाका. स्वसंरक्षण हाच हेतू असेल तर त्यासाठी वेगळी कार्यशाळा करा. तिथे सुटका, आरडाओरडा आणि पळ काढणं शिकवतात. रेल्वेचा १३९ आणि बाहेरचा ११२ हे दोन क्रमांक मोबाइलमध्ये वर ठेवा. 'सहा महिन्यांत कोणाशीही दोन हात कराल' असं सांगणारा कापुएरा शिक्षक भेटला, तर फी भरू नका.

शरीराची काळजी म्हणाल तर वजनापेक्षा मला तुमच्या मनगटांची आणि गुडघ्यांची जास्त आहे. कीबोर्डवर दिवस घालवणाऱ्यांची मनगटं आधीच कुरकुरत असतात, त्यामुळे वर्गाआधी ती गरम केल्याशिवाय हातावर भार घेऊ नका. नेगातिवात, म्हणजे एक पाय पसरून जवळजवळ जमिनीवर बसतात त्या बचावात, वाकलेल्या गुडघ्यावर पिळा येतो. दुखलं तर उंच राहून करा, कोणी रागावणार नाही. रक्तदाब, काचबिंदू, मानेचा स्पाँडिलायटिस किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर डोकं खाली करायच्या हालचालींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. डोक्यावर उभं राहणं आयुष्यभर टाळूनही उत्तम खेळता येतं.

फरशी बघून घ्या. बऱ्याच वर्गांत अनवाणी खेळतात (अंगोलावाले बहुधा बूट घालतात), आणि खरखरीत कोब्यावर पहिल्या आठवड्यात चवड्याला फोड येतात. गुळगुळीत टाइल्सचं दुखणं वेगळं, पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने त्या अशा निसरड्या होतात की जिंगातला मागचा पाय सटकतो. फडकं मारायला कोणी नसेल तर स्वतः मारा. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवून या. आऊ मारताना मंगळसूत्र हटकून तोंडावर येतं. ढिली पँट आणि कमरेत खोचता येईल असा टी-शर्ट पुरे. पांढरी पँट, तिला आबादा म्हणतात, सर सांगतील तेव्हा घ्या. आधीच घेऊन नवखेपण झाकत नाही.

गाणी म्हणावीच लागतात. वाईट वाटून घेऊ नका, सुराची अट नाही. भजनात बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी धरतात, तसंच इथे एक जण गातो आणि रिंगणातले सगळे एक छोटी, ठरलेली ओळ परत परत म्हणतात. चार-पाच शब्दांची ओळ असते, दोन वर्गांत तोंडात बसते. अर्थ मात्र सरांना विचारून घ्या, कारण गाण्यातून खेळणाऱ्यांना टोमणे आणि इशारे दिले जातात. कोणी आपटला की लगेच त्यावरची ओळ येते. उच्चारांनी सुरुवातीला गोंधळ होईल. रिंगणाला 'रोदा' लिहितात आणि 'हॉदा' म्हणतात. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा र असा ह होऊन बसतो. घरात गोव्याची, जुनं पोर्तुगीज येणारी आजी असेल तर तीही चक्रावेल.

सगळा कारभार बेरिंबावच्या हातात असतो. काठी, तिला ताणलेली तार आणि खाली भोपळा, एवढंच हे वाद्य. पारंपरिक अंगोला रिंगणात असे तीन असतात आणि सोबत दोन पांदेइरो (खंजिरीसारखे), आगोगो (जोडघंटा), हेको-हेको (खरडून वाजवायचं) आणि आताबाके (उभा ढोल). बिंबांनी एक बेरिंबाव आणि दोन पांदेइरोंवर भागवलं. ताल मंद झाला की खेळ जमिनीलगत आणि हळू होतो, चढला की उभा आणि वेगवान. तुम्हाला एके दिवशी बेरिंबाव हातात देतील. अख्ख्या वाद्याचा भार डाव्या हाताच्या करंगळीवर येतो, कारण भोपळा बांधलेल्या दोरीखालून ती घालून धरायचं असतं. त्याच हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत एक नाणं किंवा गोटा, तारेला लावून सूर बदलायला. उजव्या हातात बारीक काठी आणि शिवाय काशिशी नावाचा खुळखुळा. पहिल्यांदा पाच मिनिटांत करंगळी बधिर होते. सगळ्यांची होते. पण लाथा येईनात तोवर वाद्य शिकलेला माणूस रिंगणात कामाचा ठरतो, आणि बेसूर गळ्याचा प्रश्न हातांनी सुटतो.

रिंगणात पहिल्यांदा उतरताना चार गोष्टी लक्षात ठेवा. मध्ये कुठूनही शिरायचं नाही, बेरिंबावच्या पायथ्याशी उकिडवं बसून, समोरच्याशी हात मिळवून आत जायचं. खेळताना समोरच्याकडे पूर्ण पाठ करायची नाही. बेरिंबावने बोलावलं की हातातला डाव अर्धवट सोडून परत यायचं. आणि दम लागला तर रिंगणाच्या कडेने गोल चालत श्वास घ्यायची रीतसर सोय आहे, तिला 'जगाची फेरी' म्हणतात. ती घ्या, लोक घेतातच.

आता तुमचा मुलगा. याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला वाटतं वर्गातली तुमची खरी परीक्षा तीच आहे. तिथे तो तुमचा सीनियर असेल. तुम्ही मागच्या रांगेत आणि तो पुढे. कधी तरी दोघांना समोरासमोर उभं करतील आणि तो हास्तेइरा घालेल, म्हणजे तुमच्या भाराच्या पायाखालून पाय काढेल, आणि तुम्ही सगळ्यांसमोर बसाल. त्याला त्या वेळी 'थांब, घरी चल' असं डोळ्यांनीसुद्धा म्हणू नका. त्याला वर्गात एखादं टोपणनावही मिळालं असेल. पोलिसांपासून खरं नाव लपवायच्या काळातली ही प्रथा आहे असं सांगतात. घरी ते नाव वापरायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. जिंगा मात्र त्याच्याकडून शिकून घ्या, बिंबांच्या पद्धतीने, हात धरून. चौदाव्या वर्षी आईला काही शिकवायची संधी मिळाली तर मुलं आपल्याला वाटतं त्याहून जास्त धीर धरतात. आणि तो 'नको येऊस' म्हणाला तर तेही ऐका. वर्गाची दुसरी बॅच असेल तर तिथे जा, तो त्याचा कोपरा आहे.

सासूबाईंना काय सांगायचं? शब्दाचा अर्थ त्यांना कळला तो बरोबरच आहे. ब्राझील कॅथलिक देश, त्यामुळे नवख्याच्या पहिल्या औपचारिक खेळाला लोक थट्टेत बाप्तिस्मा म्हणायला लागले. त्यात होतं काय, तर नवखा एखाद्या जुन्या मेस्त्रेशी किंवा वरच्या शिक्षकाशी दोन मिनिटं खेळतो, बहुधा हलकेच पाडला जातो आणि कमरेला पहिली दोरी बांधून घेतो. पाणी नाही, पाद्री नाही, धर्मांतर नाही. गाण्यांमध्ये संतांची नावं येतात, आफ्रिकी देवतांचीही येतात, ती त्या मातीतली आहेत. तुम्ही भाषणं देण्यापेक्षा त्यांनाच कार्यक्रमाला घेऊन जा, पुढच्या रांगेत खुर्ची द्या. नातवाला आपटताना बघून त्यांची तक्रार राहील, पण ती धर्माची नसेल.

मला त्या कार्यक्रमाबद्दल काळजी वेगळीच वाटते, पैशांची. मासिक फीशिवाय बातिझादोचा खर्च वेगळा असतो. त्यात बाहेरून येणाऱ्या मेस्त्रेंचा प्रवास, टी-शर्ट, दोरी असं सगळं धरलेलं असतं. यात गैर काही नाही, पण आकडा आधी विचारून घ्या, आणि दोघांचा मिळून विचारा. दोरी नको, नुसतं शिकायचं आहे, असं सांगायची मुभा आहे का, तेही विचारा. दोऱ्यांचे रंग प्रत्येक गटात वेगळे, एका गटातली पिवळी दुसऱ्या गटात काहीच सांगत नाही. अंगोलाच्या बहुतेक गटांत तर दोऱ्याच नसतात. तेव्हा रंगासाठी जीव टाकू नका.

पैसे भरायच्या आधी एकदा, मुलाला सोडायला म्हणून न जाता, स्वतःसाठी म्हणून वर्ग बघा. सर कोणाकडे शिकले, आपल्या मेस्त्रेंचं नाव सांगतात का? नवख्याशी खेळताना जुने विद्यार्थी वेग कमी करतात, की त्याला पाडून टाळ्या घेतात? बायका बेरिंबाव वाजवतात का, गाणं त्या उचलतात का, की नुसत्या टाळ्यांना उभ्या असतात? हा खेळ फार काळ पुरुषांचाच राहिला, त्यामुळे हे मुद्दाम बघायला हवं. हालचाल सुधारण्यासाठी हात लावायचा असेल तर सर आधी विचारतात का? तुमच्या मुलासाठीही हे बघायला हवंच होतं, अजून वेळ गेलेली नाही. सगळं ठीक वाटलं तर महिन्याचेच पैसे भरा, वर्षाचे एकदम नाही.